‘पाय घसरला’ एवढ्यावर नोंद संपवू नका

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. साकीनाक्याच्या औद्योगिक वसाहतीत आपला पॅकेजिंगचा गाळा आहे आणि दोन पाळ्यांत मिळून साठ-पासष्ट कामगार तेथे काम करतात. गेल्या वर्षभरात तिघे लादीवर घसरून पडले, एक जण पोटमाळ्याच्या शिडीवरून पडून मनगट मोडून घरी बसला, आणि सर्वांना सेफ्टी शूज देऊन, भिंतींवर फलक लावूनही फरक पडलेला नाही. शिवाय पावसाळ्यापूर्वी छपराचे पत्रे बदलायचे असून त्या कामाची आपल्याला धास्ती वाटते. मुंबई आणि ठाणे परिसरातील कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून मी सत्तावीस वर्षे काम केले आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

आपण अपघात नोंदवहीतल्या ज्या चार नोंदी पाठवल्या आहेत, त्यांच्या कारणाच्या रकान्यात तीन ठिकाणी ‘पाय घसरला’ आणि एका ठिकाणी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिलेले आहे. माझे म्हणणे या रकान्यापासूनच सुरू होते. पाय घसरला हे घडलेल्या गोष्टीचे वर्णन झाले, तिचे कारण नव्हे. पाय ज्यावर घसरला ते पाणी किंवा तेल तेथे कोठून आले, किती वेळ पडून होते, ते पुसण्याचे काम कोणाकडे होते, आणि तो माणूस त्या वेळी त्या वाटेने कशासाठी चालला होता, ही उत्तरे मिळेपर्यंत कारण सापडलेले नसते. निष्काळजीपणा लिहून रकाना भरला की चौकशी तेथेच थांबते, आणि ती जागा पुढच्या माणसासाठी जशीच्या तशी राहते.

माणूस घसरतो कसा, हे आधी पाहू. चालताना टाच प्रथम जमिनीला टेकते आणि शरीराचा भार पुढे सरकत तिच्यावर येतो. त्या क्षणी तळवा आणि लादी यांच्यामध्ये पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर असेल तर बूट लादीला धरत नाही आणि टाच पुढे निसटते. ओल्या जमिनीवरून आपण चाललो आहोत हे ठाऊक असलेला माणूस नकळत पावले आखूड करतो आणि पाऊल सपाट टाकतो. ससून डॉकवर पहाटे डोक्यावर पाटी घेऊन ओल्या फरशीवरून झपाझप जाणाऱ्या कोळणींची चाल एकदा नीट पाहावी, म्हणजे मी काय म्हणतो ते लक्षात येईल. पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो कोरड्या लादीवरून नेहमीच्या वेगाने येऊन तळहाताएवढ्या ओल्या जागेवर पाय देणाऱ्याला, कारण त्याच्या पावलांना त्या बदलाची खबरच मिळालेली नसते. म्हणून गाळ्यात फिरताना किती ओल आहे यापेक्षा कोरडे कोठे संपते आणि ओले कोठे सुरू होते, ती हद्द शोधावी.

कांदिवलीच्या एका कारखान्यात एकाच जागी चार महिन्यांत दोघे पडले होते. तेथे ‘सावकाश चाला’ असा फलक आधीपासून होता. मी सकाळी जाऊन पाहिले तेव्हा लादी कोरडी ठणठणीत होती. दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा गेलो, तेव्हा एक कामगार कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी नळी उघडून सोडत असलेला दिसला. हे पाणी पाळीला एकदा सोडावेच लागते आणि त्यात तेलाचा अंश असतो. नळी आखूड असल्यामुळे ते गटारापर्यंत न जाता येण्या-जाण्याच्या वाटेवर पसरत होते. पाच फुटांचा पाइप जोडून ते थेट गटारात सोडले आणि फलक काढून टाकला. त्यानंतर त्या जागी कोणी पडल्याचे माझ्या कानावर आले नाही. आपल्या तिन्ही अपघातांची वेळ नोंदवहीत लिहिलेली नाही. ती आठवत असेल तर त्याच वेळी त्या जागेवर जाऊन उभे राहावे.

पॅकेजिंगच्या कामात पाण्याखेरीज आणखी काही गोष्टी जमिनीवर सांडतात. प्लास्टिकचे दाणे बेअरिंगच्या गोळ्यांसारखे पायाखाली फिरतात. खोके बांधायच्या पट्टीचे तुकडे आणि गुंडाळायच्या फिल्मचे कपटे गुळगुळीत लादीवर सहज सरकतात, आणि पट्टीचा वळसा राहिलेला असेल तर त्यात पाय अडकतो. यावरचा उपाय झाडूवाल्याच्या फेऱ्या वाढवणे हा नाही. दाण्यांची गोणी जेथे फोडली जाते तेथे खाली कडा असलेले ताट ठेवावे, आणि पट्टी कापणाऱ्याच्या हाताशी, एक पाऊलही न टाकता पोहोचता येईल असा डबा टांगावा. कचरा जमिनीवर पडलाच नाही तर तो उचलण्याची शिस्त कोणाला शिकवावी लागत नाही.

लादी पुसण्याच्या पद्धतीकडे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात फडका बुडवून सारा गाळा पुसला की तेल निघत नाही, उलट ते पातळ होऊन सर्वत्र पसरते. साबण नीट धुतला गेला नाही तर त्याचा थरही लादीवर राहतो. तेलाच्या जागेसाठी तेल काढणारे द्रावण वापरावे, ते काही मिनिटे तसेच राहू द्यावे, दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्याने पुसावे आणि शेवटी कोरडा फडका फिरवावा. वाट पुसताना अर्धी रुंदी आधी पुसून ती वाळल्यावर उरलेली अर्धी घ्यावी, म्हणजे चालणाऱ्याला कोरडी बाजू मिळते. पाळी बदलण्याच्या दहा मिनिटे आधी लादी पुसण्याचा रिवाज अनेक गाळ्यांत आहे. साऱ्या दिवसातली सर्वाधिक पावले त्या वाटेवर पडायच्या नेमक्या वेळी ती ओली असते. ही वेळ बदलायला एक पैसाही लागत नाही.

पावसाळ्यात दाराशी गोणपाट टाकण्याची सवय मोडावी. गोणपाट भिजले की पाणी शोषत नाही, दुमडले की त्यात पाय अडकतो आणि सरकले की त्याच्यासह माणूसही जातो. खाली रबर असलेली, कडा जमिनीला चिकटून राहणारी चटई घ्यावी. ती इतकी लांब असावी की आत येणाऱ्याची दोन्ही पावले तिच्यावर दोन-तीनदा तरी पडतील. एवढी जागा नसेल तर दाराबाहेर छपराचा पत्रा पुढे काढून ओले पाऊल तेथेच थांबवावे. निथळत्या छत्र्या ठेवण्यासाठी दाराबाहेरच नळीची किंवा बादलीची सोय करावी. जून ते सप्टेंबर या काळात दाराबाहेरच्या पायऱ्यांवर आणि उतारावर शेवाळ धरते, ते दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढावे. पुढे कधी लादी बदलाल तेव्हा दुकानदाराकडे तिची घसरणविरोधी श्रेणी विचारावी. ही श्रेणी आर 9 पासून आर 13 पर्यंत असते आणि आकडा जितका मोठा तितकी पकड चांगली. दाराजवळ किंवा धुण्याच्या मोरीजवळ आर 9 ची चकचकीत लादी कोणी कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नये.

आता पोटमाळ्याच्या शिडीविषयी. ‘शिडी मजबूत आहे का’ हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा की माणूस दिवसातून किती वेळा वर चढतो आणि कशासाठी. दोन दिवस कोणाला तरी कागद-पेन्सिल देऊन हे मोजायला सांगावे. लेबले, चिकटपट्ट्या, छोटे खोके असा रोज लागणारा माल केवळ ‘पूर्वीपासून’ वर ठेवला जातो, असे मला अनेक ठिकाणी आढळले आहे. तो खाली आणला आणि महिन्यातून एकदा लागणारा माल वर नेला की चढण्याच्या खेपाच कमी होतात. जी खेप झालीच नाही तिच्यात कोणी पडत नाही.

उरलेल्या खेपांसाठी उभी लोखंडी शिडी काढून दोन्ही बाजूंना कठडा असलेला जिना बसवावा. जागेअभावी ते शक्य नसेल तर शिडी वर आणि खाली पक्की बांधावी. टेकवून लावायची शिडी असेल तर चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात तिचा पाया भिंतीपासून पुढे असावा आणि तिचे टोक माळ्याच्या पातळीच्या वर किमान 1 मीटर यावे, म्हणजे शेवटच्या पायरीवर हाताला धरायला काहीतरी राहते. शिडीवर नेहमी तीन आधार हवेत, दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय. हातात खोका असला की हा नियम पाळणे माणसाला अशक्य होते, म्हणून खोका हातात घेऊन चढायचे नाही असे सांगण्याबरोबरच तो वर नेण्यासाठी दोर आणि कप्पी किंवा छोटा विजेचा हॉइस्ट द्यावा लागतो. दुसरी सोय न देता केलेली मनाई महिनाभरही टिकत नाही.

माळ्याच्या ज्या कडेवरून माल खाली-वर होतो, तेथे साखळी लावलेली असते. ती सकाळी काढली जाते आणि रात्रीपर्यंत तशीच लोंबकळत राहते. तिच्या जागी आपोआप बंद होणारे फाटक बसवावे. उरलेल्या कडेला साधारण 1 मीटर उंचीचा कठडा, त्याच्या निम्म्यावर दुसरी आडवी पट्टी आणि वस्तू घरंगळून खाली पडू नये म्हणून पायाशी आणखी एक पट्टी असावी. उंची कमी आहे म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये, असे मी कळकळीने सांगतो. केवळ 2 मीटरवरून पडणारा माणूस सेकंदाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी वेळात जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी 22 किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेळात हात पसरून काही पकडणे होत नाही, आणि काँक्रीटवर डोके आपटले तर तेवढी उंचीही जीव घेते.

बुटांविषयी थोडेच सांगतो. आपल्याकडे पॅकिंगच्या टेबलांवर बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि सर्वांसाठी बूट एकाच घाऊक खरेदीत आले, असे आपण लिहिले आहे. त्यांच्या पायांची मापे कोणी घेतली होती का, हे पाहावे. मोठ्या बुटात कागद किंवा चिंधी कोंबून चालणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि तसा बूट पायाला वाचवण्याऐवजी अडखळवतो. बुटावर आयएस 15298 या भारतीय मानकाचे चिन्ह असावे, तळवा तेलावर धरणारा असावा, आणि त्यावरची नक्षी झिजली की वर्ष संपण्याची वाट न पाहता बूट बदलावा. चाळिशी उलटलेल्या कामगारांच्या चष्म्याचीही चौकशी करावी. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून जिना उतरताना खालची पायरी वाचनाच्या भिंगात येते आणि अंधुक दिसते. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी मारणे आणि जिन्यावर चांगला दिवा लावणे यांचा त्यांना इतरांहून अधिक उपयोग होतो.

घाई हेही कारणच आहे आणि ती पुष्कळदा आपण निर्माण केलेली असते. आपले कामगार कल्याण, विरार, डोंबिवलीकडून येतात. ठरावीक लोकल चुकली तर घरी पोहोचायला उशीर होतो. अशा वेळी शेवटच्या अर्ध्या तासात टेम्पो भरायला काढला तर माणसे धावतील, जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम उतरतील, सांडलेले तसेच टाकून निघतील. टेम्पो भरण्याची वेळ तासभर अलीकडे आणावी. हे सुरक्षेचेच काम आहे, जरी ते सुरक्षेच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

कायद्याची बाजू आपण विचारली आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 32 मध्ये जमीन, पायऱ्या आणि वाटा भक्कम, अडथळामुक्त आणि घसरण होणार नाही अशा ठेवण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती, तर कलम 33 जमिनीतले खड्डे आणि उघडी तोंडे झाकण्याविषयी किंवा कुंपणाने बंदिस्त करण्याविषयी होते. आता त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली असली तरी गाळ्याची तपासणी करताना ही दोन कलमे समोर ठेवणे आजही उपयोगाचे आहे. साठ-पासष्ट कामगारांच्या कारखान्यात स्वतंत्र सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती नसते, त्यामुळे हे काम नाव घेऊन एका माणसाकडे सोपवावे आणि त्यासाठी त्याला वेळ द्यावा. आणखी एक गोष्ट म्हणजे, 1948 च्या कायद्याने कामगार 48 तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवणे बंधनकारक केले, आणि त्यामुळे तेवढ्याच अपघातांची नोंद ठेवायची सवय सर्वत्र लागली. जो घसरला पण सावरला, त्याची नोंद कोठेच होत नाही. गाळ्याच्या दाराशी एक साधी वही टांगावी आणि कोणी घसरले, अडखळले, तोल गेला की जागा आणि वेळ लिहावी. नाव लिहू नये, नाहीतर कोणी लिहिणार नाही. दोन महिन्यांत आपल्याला स्वतःच्या गाळ्याचा नकाशा मिळेल.

छपराच्या कामाविषयी मात्र मी सविस्तर लिहिणार आहे. भिवंडीच्या एका गोदामात बावीस वर्षांचा एक तरुण प्रकाशासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यातून खाली पडला. तो पत्रा वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि वरून मारलेल्या रंगाने शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यांसारखाच दिसत होता. तो काम करत नव्हता, पलीकडे राहिलेला हातोडा आणायला चालला होता. तो आज जिवंत आहे, पण चालू शकत नाही. त्या कामाच्या परवान्यावर माझी सही होती. मी बेल्ट तपासले होते, दोर तपासला होता, पण छपरावर फायबरचे पत्रे कोठे कोठे आहेत हे खालून पाहून खुणा करून घेतल्या नव्हत्या. खाली उभे राहिले असते तर उजेड कोठून येतो ते लगेच दिसले असते. तेव्हापासून मी हे पहिले काम समजतो.

सिमेंटचे जुने पत्रे वयानुसार ठिसूळ होतात आणि माणसाचे वजन पेलतील असे कधीच गृहीत धरू नये. बोल्टच्या रांगेवरून, म्हणजे खाली लोखंडी पर्लिन (पत्रे ज्यावर टेकतात तो आडवा दांडा) आहे त्या रेषेवरून चालले की धोका नाही, असे पत्रेवाले सांगतात. सर्कशीतल्या तारेवर चालणाऱ्याइतका तोल त्यासाठी दिवसभर सांभाळावा लागतो आणि एक पाऊल चार बोटे बाजूला पडले की पत्रा फुटतो. म्हणून शक्य तेवढे काम गाळ्याच्या आतून, चाकांच्या परांचीवर किंवा कात्री लिफ्टवर उभे राहून खालूनच करावे. वर जावेच लागले तर किमान तीन पर्लिनवर टेकतील अशा चालपट्ट्या टाकाव्यात, त्या सरकणार नाहीत अशा बांधाव्यात, आणि एकीवरून दुसरीकडे जाताना मध्ये पत्र्यावर पाय ठेवावा लागू नये इतक्या संख्येने त्या आणाव्यात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्यामुळे ते फोडून खाली टाकू नयेत, भिजवून अखंड उतरवावेत.

बेल्ट दिला की काम सुरक्षित झाले, हा समज आपल्या गाळ्यात विशेष घातक ठरेल, कारण आपल्या छपराची उंची आपण 5 मीटर लिहिली आहे. हिशेब असा आहे. बेल्टचा दोर 1.8 मीटरचा, धक्का शोषणारा भाग उलगडून वाढणारी लांबी 1.75 मीटरपर्यंत, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत साधारण 1.5 मीटर, आणि वर 1 मीटरचे अंतर हाताशी असावे. म्हणजे दोर ज्या ठिकाणी अडकवला तेथून खाली सुमारे 6 मीटर मोकळी जागा लागते. आपल्याकडे ती नाही. दोर पायाच्या पातळीवर अडकवला असेल तर माणूस थांबण्याआधीच यंत्रावर किंवा जमिनीवर आदळेल. त्यामुळे पत्र्यांच्या लगेच खाली आयएस 11057 या मानकाची सुरक्षा जाळी बांधावी आणि कंत्राटदाराच्या दरपत्रकात तिचा खर्च वेगळ्या ओळीत मागावा, म्हणजे स्वस्तात काम करून देणारा तो गाळून टाकू शकणार नाही. जोडीला डोक्याच्या वर अडकवलेला, झटका बसताच जागीच थांबणारा गुंडाळता दोर वापरावा. बेल्ट पूर्ण शरीराचा, आयएस 3521 चा असावा. नुसता कमरेचा पट्टा छपरावर नेऊच देऊ नये.

हे काम मे महिन्यात होईल, तेव्हा वळवाच्या सरी आणि ऊन दोन्हींचा विचार करावा. पत्रा भिजला की त्या दिवसाचे वरचे काम बंद. दुपारी बारा ते चार पत्र्यावर उभे राहिलेल्या माणसाला घेरी येऊ शकते, म्हणून सकाळी सातला काम सुरू करून बाराला खाली उतरवावे. वर काम चालू असताना त्याखालची यंत्रे बंद ठेवून जागा दोरीने अडवावी. ‘साहेब, वीस वर्षे पत्र्यावर चालतोय’ असे कंत्राटदाराचा मुकादम म्हणेल. त्याचा अनुभव खराच असतो, पण तो त्या वीस वर्षांतल्या न फुटलेल्या पत्र्यांचा अनुभव असतो.

बेल्टवर कोणी लटकला तर त्याला खाली कसे आणणार, हे काम सुरू होण्याआधी ठरवून, एकदा करून पाहावे. हालचाल न करता लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांतच त्याची शुद्ध हरपू शकते, त्यामुळे अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. उंचावरून कोणी खाली पडला तर त्याला काखेत हात घालून उठवू नये, बसवू नये आणि पाणी पाजू नये. आपल्याकडे मदतीला धावणारा माणूस पहिल्यांदा नेमके हेच करतो आणि दुखावलेला मणका त्यामुळे कायमचा निकामी होऊ शकतो. डोके आणि मान आहे त्या स्थितीत स्थिर धरावी, 108 ला फोन करावा, आणि वसाहतीच्या फाटकावर एक माणूस उभा करावा, कारण साकीनाक्याच्या गल्ल्यांत रुग्णवाहिकेचा वेळ शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जातो.

मनगट मोडलेला आपला कामगार कामावर परतेल तेव्हा त्याला आधी त्या शिडीपाशी घेऊन जावे. त्याच्या हातात त्या वेळी काय होते, वर जायला त्याला कोणी आणि किती घाईने सांगितले होते, कोणत्या पायरीवर पाय सुटला, उजेड कसा होता, हे शांतपणे विचारावे आणि तो सांगेल ते नोंदवहीतल्या ‘निष्काळजीपणा’ या शब्दाच्या जागी लिहावे. शिडीतला बदल त्याच आठवड्यात सुरू करावा.